लसीचा धाक आणि बंद केलेली गोळी

पत्र

डॉक्टर, नमस्कार. आम्ही बेळगावचे, वडगावात राहतो. आमचे हे ४४ वर्षांचे आहेत. आधी कुवेतला होते, आता उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहेत. २०२१ मध्ये त्यांनी तिकडेच फायझरचे दोन डोस घेतले. मी आणि मामंजींनी इथे कोविशील्ड घेतली. धाकटे भाऊजी २० वर्षांचे आहेत, मिलिटरी भरतीची तयारी करतात. त्यांना कॉलेजात असताना कोव्हॅक्सिन मिळाली होती.

गेल्या महिन्यात भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. फायझरसारख्या एमआरएनए लसीनंतर धडधाकट माणसांचेही रक्तातले हृदयाचे मार्कर वाढले, हार्ट अटॅकचा धोका ११ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेला, असं त्यात होतं. आपल्या कर्नाटकातल्या हासनला तरुण माणसं हार्ट अटॅकने गेल्याच्या बातम्या आम्ही ऐकलेल्याच होत्या. तेव्हापासून ह्यांचं चित्त थाऱ्यावर नाही. लॅबमध्ये जाऊन मोठं पॅकेज करून आले. ट्रोपोनिन नॉर्मल आलं, पण एचएस-सीआरपी ४.२ आहे आणि डी-डायमरपुढे जास्त असल्याची खूण आहे. आता दर तीन महिन्यांनी हे सगळं करायचं म्हणतात. सकाळचं चालणं सोडलं. भाऊजींनाही पळू नको म्हणून दटावतात. एकाने लसीचं विष उतरवणारा काढा आणून दिलाय, तो चालू आहे. हृदयावर आणखी ओझं नको म्हणून बीपीची गोळीही पंधरा दिवस झाले घेत नाहीत. त्या अभ्यासात खरं किती? आम्ही काय करावं?

— एक वाचक, वडगाव

उत्तर

ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो. गोळी. बाकीचं वाचण्याआधी ह्यांचं बीपी मोजून घ्या. जवळच्या दवाखान्यात, नाहीतर शेजारी कुणाकडे मशीन असेल तर तिथे. पाच मिनिटं शांत बसवून, हाताला आधार देऊन, दोनदा मोजा. उद्या गोळीची रिकामी पट्टी आणि ते आकडे घेऊन गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि ती पुन्हा सुरू करून घ्या. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या घेऊ देऊ नका. पट्टीवरचं नाव 'लॉल'ने संपत असेल, म्हणजे ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल, तर उद्याचीही वाट पाहू नका. या जातीची गोळी एकदम सोडली तर नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात. आणि मध्येच १८०/१२० च्या वर आकडा गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, नजर अंधुक होणं किंवा बोलण्यात अडखळणं असेल, तर थेट मोठ्या हॉस्पिटलात.

तुमच्या अख्ख्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती एवढ्याच गोष्टीची. चार वर्षांपूर्वीच्या लसीने ह्यांचं काही बिघडवल्याची एकही खूण तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टात नाही. मेसेजने मात्र महिन्याभरात गोळी बंद पाडली, चालणं बंद पाडलं आणि घरात अनोळखी काढा आणला.

आता अभ्यासाचं. असले मेसेज आले की डॉक्टर मंडळी 'सगळं खोटं, डिलीट करा' म्हणून मोकळी होतात. मला ते पटत नाही. त्यात खऱ्याचा एक धागा असतो. तो आपण नाकारला की आपलं बाकीचंही कोणी ऐकत नाही. तुमच्या मेसेजमध्ये बहुधा दोन वेगळे धागे एकत्र वळलेले आहेत.

११ वरून २५ टक्के हा आकडा अमेरिकेतल्या स्टीव्हन गुंड्री या डॉक्टरांचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेसाठी त्यांनी एक टिपण दिलं आणि ते 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात छापून आलं. पूर्ण शोधनिबंध नव्हे, परिषदेचा सारांश. त्यांच्याच दवाखान्यातल्या ५६६ जणांच्या रक्तात दाह दाखवणारी काही प्रथिनं मोजली, ती एका गणितात घातली, आणि पाच वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याचा 'अंदाजित' धोका ११ चा २५ टक्के झाला असं मांडलं. ५६६ पैकी इतक्या लोकांना झटका आला असं त्यात कुठेही नाही. वाढला तो गणितातला अंदाज. लस न घेतलेल्या माणसांचा तुलनेचा गट नव्हता, आणि फरक योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारं संख्याशास्त्रही नव्हतं. त्याच महिन्याच्या २४ तारखेला नियतकालिकाने त्या सारांशावर जाहीर हरकतीची सूचना लावली. शिवाय लस घेतल्यावर दाहाची प्रथिनं काही आठवडे वाढणं हे लसीचं कामच आहे. शरीर जागं झाल्याशिवाय प्रतिकारशक्ती येणार कुठून? त्या वाढीवरून पुढच्या पाच वर्षांचं भविष्य काढणं मला ज्योतिषाच्या जवळचं वाटतं.

दुसरा धागा मात्र भक्कम आहे, आणि 'धडधाकट माणसं' हे शब्द तिथलेच असावेत. स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठ रुग्णालयाने २०२१-२२ च्या हिवाळ्यात आपल्याच ७७७ कर्मचाऱ्यांचं रक्त मॉडर्ना या एमआरएनए लसीच्या बूस्टरनंतर तिसऱ्या दिवशी तपासलं. निम्मे लोक ३७ वर्षांच्या आतले, जवळजवळ ७० टक्के बायका. कुणाची तक्रार असो वा नसो, सरसकट सगळ्यांचं ट्रोपोनिन मोजलं. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या पेशीत राहणारं प्रथिन. पेशीला इजा झाली की ते रक्तात उतरतं. ४० जणांचं वाढलेलं निघालं. दुसरी कारणं वगळल्यावर २२ जण उरले, ज्यांची वाढ लसीमुळे असावी असं संशोधकांनी ठरवलं. म्हणजे २.८ टक्के. त्यात २० बायका आणि २ पुरुष.

हा आकडा लहान नाही. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची, म्हणजे मायोकार्डायटिसची, नोंद लाखात काही अशी असताना इथे शंभरात जवळजवळ तीन निघाले, हे संशोधकांनी लपवलं नाही. पण पुढचं वाचल्याशिवाय तो आकडा कुणाला सांगू नये. वाढ सौम्य होती आणि टिकणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्यावर अनेकांची उतरणीला लागलेली दिसली. ईसीजीत बदल नव्हते. तीस दिवसांत त्यांच्यापैकी कुणालाही हृदयविकाराची मोठी घटना झाली नाही. अभ्यासात एक उणीवही आहे. लस देण्याआधी या लोकांचं ट्रोपोनिन मोजलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाचं मुळातच थोडं जास्त होतं हे कळायला मार्ग नाही. इस्रायलमध्ये चौथ्या डोसानंतर ३२४ आरोग्य कर्मचाऱ्यांवर असाच अभ्यास झाला, तिथे दोघांत अशी इजा सापडली. तिथला डोस फायझरचा, बासेलचा मॉडर्नाचा. ह्यांनी घेतलेली फायझर.

उघड लक्षणांसह येणाऱ्या मायोकार्डायटिसबद्दल शंका नाही. तो एमआरएनए लसींचा मान्य झालेला, क्वचित दुष्परिणाम आहे. बारा ते तिशीच्या आतल्या मुलग्यांत आणि तरुण पुरुषांत जास्त, बहुतेक वेळा दुसऱ्या डोसनंतर, आणि साधारण पहिल्या आठवड्यातच. म्हणूनच सिंगापूर सरकारने डोसनंतर आधी एक आठवडा आणि पुढे दोन आठवडे दमछाक करणारा व्यायाम टाळायला सांगितलं होतं. ते मला शहाणपणाचं वाटलं होतं. इस्रायलच्या २०२१ च्या मोठ्या अभ्यासात फायझर घेतलेल्या लाख लोकांमागे मायोकार्डायटिसचे सुमारे तीन जादा रुग्ण सापडले. कोविड झालेल्या लाखांमागे ते सुमारे अकरा होते. ज्यांना झाला त्यातले बहुतेक बरे झाले. काहींच्या एमआरआयमध्ये महिनोन्‌महिने डाग दिसत राहिले, म्हणून अशा लोकांवर हृदयतज्ज्ञांनी पुढेही लक्ष ठेवायचं असतं. तुमचे मालक त्यात बसत नाहीत. तेव्हाच त्यांचं वय चाळीस, आणि डोसनंतरच्या आठवड्यात छातीत दुखणं, धडधड, धाप असं काही झालं असतं तर तुम्ही ते लिहिलंच असतं. एकदा विचारून घ्या. झालं होतं म्हणाले तर ते डॉक्टरांना सांगा.

आता त्या पॅकेजचं. ट्रोपोनिन एकदा वाढलं की मोठ्या झटक्यानंतरसुद्धा साधारण दोन आठवड्यांत खाली येतं. २०२१ च्या डोसची खूण आजच्या ट्रोपोनिनमध्ये बघणं म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या विसर्जन मिरवणुकीचा गुलाल आज रस्त्यावर शोधण्यासारखं आहे. ह्यांचं नॉर्मल आलं, छान. पण जास्त आलं असतं तरी त्याचं बोट लसीकडे गेलं नसतं. आधी मूत्रपिंड, बीपी, नुकतंच केलेलं अंगमेहनतीचं काम, नाहीतर खरोखरीचा झटका यांच्याकडे पाहावं लागलं असतं. लांब पल्ल्याच्या शर्यतीनंतर निरोगी धावपटूंचंही ट्रोपोनिन वाढतं. आणि आणखी एक, जे लॅबवाले सांगत नाहीत. ट्रोपोनिनची वरची मर्यादा ठरवतानाच शंभर निरोगी माणसांतला एक तिच्या वर राहील अशी ठरवलेली असते. छातीत काही होत नसताना दर तीन महिन्यांनी ही तपासणी करत राहिलात तर कधी ना कधी एखादा आकडा लाल होईल आणि मग तुम्हाला महिनाभर झोप लागणार नाही. ही तपासणी इमर्जन्सीची आहे, छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसासाठी. तिथेही एका आकड्यावर निकाल देत नाहीत. एक ते तीन तासांनी पुन्हा रक्त घेऊन आकडा चढतोय की स्थिर आहे ते बघतात.

एचएस-सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारं प्रथिन, ४.२. तीनच्या वर गेलं की जास्त धरतात. पण सर्दी, सुजलेली हिरडी, पायाची जखम, सुटलेलं पोट, तंबाखू, काहीही त्याला वर नेतं. दोन-तीन आठवडे जाऊ देत, अंगात कुठे दुखणं-खुपणं नसताना एकदा पुन्हा करा, आणि करायचंच तर कोलेस्टेरॉल आणि साखर सोबत करा. डी-डायमर ही रक्ताच्या गुठळीची खूण शोधणारी तपासणी. ती तर मी म्हणेन करायलाच नको होती. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी असेल असा डॉक्टरांना संशय आला, तरच तिला अर्थ. नाहीतर साधा ताप, सूज, वाढतं वय यांनीही आकडा वाढतो, आणि दोन लॅबची एककं वेगळी असली तर तेच रक्त एकीकडे दुप्पट दिसतं. एका पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, किंवा अचानक धाप, यातलं काही असेल तर मात्र आजच दाखवा. नसेल तर तो कागद फाईलमध्ये ठेवून द्या.

मामंजींचं आणि तुमचं. कोविशील्ड एमआरएनए लस नाही, त्यामुळे वरच्या कुठल्याही अभ्यासाचा तुमच्याशी संबंध नाही. २०२४ मध्ये कोविशील्डची मूळ कंपनी ॲस्ट्राझेनेकाच्या कोर्टातल्या कागदांवरून गुठळ्यांची जी बोंब झाली, तो आजार खरा आहे, अतिशय दुर्मीळ आहे, आणि डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला आहे. तो काळ कधीच उलटून गेला. भाऊजींची कोव्हॅक्सिन तर निष्क्रिय केलेल्या विषाणूची, जुन्या पद्धतीची लस. तिच्या सुरुवातीच्या चाचण्यांतलं एक केंद्र आपल्या बेळगावातच होतं, हे ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्याला बहुधा माहीत नसावं. भारतातही एमआरएनए लस तयार झाली, पुण्याच्या जिनोव्हाने केली, पण तिला परवानगी मिळाली जून २०२२ मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांचे दोन डोस होऊन गेल्यावर.

हासनने मात्र सगळ्यांनाच धसका दिला, तो मी हलका मानत नाही. तरुण माणसं गेली. २०२५ च्या जुलैत मुख्यमंत्र्यांनीच लसीकडे बोट दाखवलं, आणि लगेच केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि एम्सच्या अभ्यासांचा हवाला देऊन ते खोडलं. राजकारण बाजूला ठेवू. बेंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेच्या नेतृत्वाखालच्या तज्ज्ञांनाही तरुणांच्या हृदयविकाराचा लसीशी संबंध दिसला नाही. आयसीएमआरचा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाचे, वरवर निरोगी असून अचानक गेलेले ७२९ जण घेतले आणि त्यांच्याच वयाच्या, परिसरातल्या २,९१६ जिवंत माणसांशी तुलना केली. दोन डोस घेतलेल्यांत असा मृत्यू कमी आढळला. अशा तुलनेवरून लसीने वाचवलं असं मी म्हणणार नाही, कारण लस घेणारा माणूस एकूणच तब्येतीला जपणारा असू शकतो. पण लसीने मारलं असं म्हणायला तर त्यात काहीच आधार नाही. मृतांत जास्त सापडलं ते हे: मृत्यूआधीच्या ४८ तासांत भरमसाट दारू, घरात कुणी असंच अचानक गेलेलं असणं, कोविडसाठी ॲडमिट व्हावं लागलेलं असणं, नशेचे पदार्थ, आणि ४८ तासांत केलेली जबर दमछाक.

शेवटचं वाचून ह्यांना 'बघ, मी सांगत होतो ना, पळू नको' म्हणायची संधी मिळेल. तसं नाही. सवय नसताना एके दिवशी उठून छाती फुटेस्तोवर पळणं वेगळं आणि रोज पहाटे हळूहळू वाढवत नेलेली धाव वेगळी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे, तिथल्या पोराला पळू नको म्हणणं कसं जमणार? भाऊजींना तीनच प्रश्न विचारा. पळताना कधी चक्कर येऊन पडलास का? छातीत आवळतं का? आणि चुलत, आते, मामे धरून आपल्यात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलंय का? एकाचंही उत्तर होय असेल तर ईसीजी आणि इको करून, मगच मैदान. तिन्हींचं नाही असेल तर पळू द्या. ताप असताना आणि तो उतरल्यावर काही दिवस मात्र नाही.

काढा बंद. लसीचं 'विष' म्हणून शरीरात साठलेलं काही नसतं. लसीतला एमआरएनए काही दिवसांतच विघटित होतो, त्यामुळे काढ्याने उतरवण्यासारखं काही उरलेलंच नाही. बाटलीवर घटकांची नावं नसतील तर आत काय घातलंय देव जाणे. ज्येष्ठमध जास्त प्रमाणात पोटात गेलं तरी बीपी चढतं, आणि इथे तर गोळीही बंद. काढा सुरू करून किती दिवस झाले हे डॉक्टरांना सांगा, मूत्रपिंड आणि लिव्हरची साधी तपासणी सांगितली तर करून घ्या. त्या मोठ्या पॅकेजपेक्षा ती कामाची.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारतो: तंबाखू आहे का? मशीन शॉपमध्ये पाळीला जागं राहायला म्हणून चुना-तंबाखू दाढेत धरणारे मी इतके पाहिलेत की न विचारता राहवत नाही. निपाणीचा भाग जवळ, तंबाखूचं इथे कुणाला काही वाटतच नाही. असेल तर चव्वेचाळिशीतल्या, बीपी असलेल्या माणसाच्या हृदयाला तिच्याइतकं घातक त्या लसीत काही नव्हतं. चालणं उद्यापासून सुरू. पहिले दोन-चार दिवस वीस मिनिटं, तुम्हीही सोबत जा.

हे सगळं त्यांना सांगणार कसं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रात तो जागोजागी आहे. मेसेजवरून वाद घालू नका. घाबरलेल्या माणसाला आकडे सांगितले की तो दुसरे आकडे शोधून आणतो. 'तुम्हाला काळजी वाटते ना, मग चला, नीट तपासून घेऊ' म्हणा आणि डॉक्टरांसमोर बसवा. एक ईसीजी, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल. त्यांच्या काळजीला एवढी जागा मिळाली की बाकीचं सोपं जाईल. आणि ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या भावकीतल्या माणसाला तिथेच सगळ्यांदेखत खोटं पाडायला जाऊ नका. गणपतीत त्याचं तोंड बघायचंच आहे.

एक तयारी मात्र घरात करून ठेवा. छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखं, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, असं दहा मिनिटांच्या वर राहिलं तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पाजत बसू नका. १०८ ला फोन लावा. स्वतः बाईक चालवत जाऊ देऊ नका. आपल्या राज्यात दिवंगत कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने 'हृदयज्योती' योजना आहे. तिच्यात तालुका रुग्णालयांत ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन मोफत देतात. बाहेर हे इंजेक्शन हजारोंच्या घरात जातं. तुम्ही शहरात आहात, मोठी हॉस्पिटलं जवळ आहेत. पण गावाकडे, खानापूर-हुक्केरीच्या बाजूला नातेवाईक असतील तर त्यांना आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ही सोय कुठे आणि किती वाजेपर्यंत आहे ते आधीच विचारून ठेवायला सांगा. फलक कन्नडात असेल, वाचता येत नसेल तर आत जाऊन नर्सला विचारायचं, त्यात कमीपणा काही नाही.

बीपीचे आकडे आणि गोळीचं नाव मला कळवा. एका सकाळचे नकोत, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलेले.